आवर्तन सुटायच्या आधी

जुलै संपत आला की संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या पट्ट्यात पारावर आणि चहाच्या टपरीवर एकच चौकशी सुरू होते: भंडारदरा किती झालं? धरणाची क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरतं असा या भागाचा जुना अनुभव. एखाद्या वर्षी लांबलं, तर उसाच्या लागणीपासून घरातल्या लग्नापर्यंत सगळ्यांचे बेत पुढे ढकलले जातात.

त्याच धरणाच्या काठावर पुण्या-मुंबईची आणि नाशिकची माणसं सुट्टी घालवायला जातात. समोर निळं पाणी, पलीकडे रतनगड, पाठीशी कळसूबाई, काठावर तंबू. एवढ्यावरही सुट्टी छान होते, यात शंका नाही. पण हे पाणी आपल्यासाठी साठवलेलं नाही. ते कधी भरायचं, कधी सोडायचं, कुठे न्यायचं हे शंभर मैल खालच्या शेतांवर ठरतं. हे एकदा ध्यानात घेतलं की भंडारदऱ्याला केव्हा जावं, काय बघावं, कुणाच्या घरी राहावं याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

आम्ही दिवाळीनंतरचे दिवस निवडले ते त्यामुळेच. पाऊस सरलेला असतो, रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुटायचं असतं, आणि या मधल्या दिवसांत जलाशय काठोकाठ असतो. उताराच्या खाचरांतून भाताची कापणी चालू असते. खुरासणीची पिवळी फुलं काही तुकड्यांवर अजून टिकून असतात. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धरणाजवळच्या शेंडी गावाच्या चौकात गाड्यांची जी रांग लागते ती या दिवसांत नसते.

मुंबईकडून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी असं शेंडीला उतरायचं. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं वर चढायचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. त्याच्या पश्चिम टोकाच्या या डोंगराळ पट्ट्याला सगळे डांगाण म्हणतात. मोठी वस्ती महादेव कोळ्यांची. जिल्ह्याच्या पूर्वेला वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि इकडे घाटघर-रतनवाडीला तो काही हजारांवर जातो. एका जिल्ह्यात असं टोकाचं अंतर आहे, म्हणून तर हे धरण झालं.

एकोणिसावं शतक सरता सरता दख्खनवर दुष्काळांमागून दुष्काळ आले. १८९९-१९००चा तर फार मोठा. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाच्या शिफारशींनंतर दारणा, भाटघर, भंडारदरा अशी कामं मार्गी लागली. सह्याद्रीच्या माथ्याशी पाणी अडवायचं आणि कालव्यांनी पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात न्यायचं, असा त्यांचा साधा हिशोब होता. प्रवरा नदीवरच्या भंडारदऱ्याचं काम १९१०मध्ये सुरू झालं आणि १९२६मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यावरून विल्सन डॅम. जलाशयाचं कागदोपत्री जुनं नाव आर्थर लेक. गावात मात्र ही दोन्ही नावं कुणी घेत नाही. म्हणतात फक्त ‘धरण’.

उंची ८२ मीटर, लांबी सुमारे अर्धा किलोमीटर, सगळं दगडाचं आणि चुन्यातलं बांधकाम. त्या काळात एवढ्या उंचीवर घडीव दगड रचत नेणाऱ्या हातांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. पायथ्याच्या बागेतून मान वर करून भिंत पाहिली की मधेमधे जाडजूड काँक्रीटचे टेकू दिसतात. बहुतेक जण ते मूळ बांधणीतलेच समजतात. तसं नाही. १९६९ साली भिंतीला तडे गेले आणि पाणी झिरपू लागलं. तेव्हा आधी भिंतीच्या माथ्यापासून खालच्या खडकापर्यंत पोलादी दोर ओवून ती ताणून धरली, आणि मग बाहेरून हे टेकू दिले. चुन्यातलं जुनं धरण न पाडता सावरून घेण्याचं हे काम आपल्या अभियंत्यांनी केलं. त्याची गोष्ट सांगणारं काहीतरी त्या बागेत असायला हवं. मुलं तिथे येतातच, घसरगुंडीच्या शेजारी एक नकाशा आणि चार ओळी लावायला कितीसा खर्च येणार?

बागेजवळच अम्ब्रेला फॉल आहे. मोरीतून पाणी सोडलं की ते एका गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं. म्हणजे हा धबधबा पावसाचा नाही, पाटबंधारे खात्याचा आहे! आम्ही गेलो तेव्हा मोरी बंद होती आणि खडक कोरडा. तिथल्या चहावाल्याने मुलांची समजूत काढली, “आवर्तन सुटलं की या, मग बघा.” खालच्या रंधा धबधब्याचंही तसंच. भर पावसात प्रवरा तिथे अशी कोसळते की बोललेलं ऐकू येत नाही. पण कोदणीच्या वीजघराकडे पाणी वळवलं जात असल्याने पावसाळा सरला की धार बारीक होते. तरी रंध्याची घळ आणि तिथलं घोरपडादेवीचं देऊळ पाहण्यासारखं आहेच. कठड्याच्या पलीकडे मात्र पाऊल टाकू नये. इथे दर पावसाळ्यात फोटोच्या नादात माणसं जिवावर उदार होताना दिसतात.

राहण्याची सोय पर्यटन महामंडळाच्या निवासापासून हॉटेलांपर्यंत सगळी आहे. आम्ही काठावरच्या एका गावात कोळी कुटुंबाच्या घरी राहिलो. सारवलेली पडवी, कुडाच्या भिंतीवर टांगलेली इरली, मागे भाताची उडवी. घर चालवणाऱ्या बाईंना आम्ही पहिल्याच संध्याकाळी मावशी म्हणू लागलो. माझ्या मुलीला त्या “बाय” म्हणायच्या.

त्यांच्या खुरासणीच्या चटणीबद्दल सांगायलाच हवं. काळी, बारीक, टोकदार बी. आधी ती सुपात पाखडली, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजली. तडतड थांबून वास बदलला की लगेच खाली. उशीर झाला तर कडू होते, असं त्यांनी दोनदा बजावलं. मग लसूण, सुकी लाल मिरची आणि जाडं मीठ घालून उखळात कुटायला घेतलं. कुटता कुटता बियांना तेल सुटतं आणि कोरडी चटणी हळूहळू एकत्र येऊ लागते. तिच्याबरोबर नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि हातसडीचा भात. मुलीने आदल्या दिवशी गाडीत चिप्सचा हट्ट धरला होता. इथे ती तिसऱ्या भाकरीला हात घालत होती.

जेवणानंतर मावशी सांगत बसल्या. सासूच्या लहानपणी म्हणे वाडी खाली होती, जिथे आता पाणी आहे. धरण झालं तसे लोक वर सरकले. चांगली जमीन खालीच राहिली. वर राहिला तो उतार आणि मुरूम. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुन्या बांधांच्या रेषा दिसतात. त्याच उन्हाळ्यात गावच्या विहिरीही तळ गाठतात आणि बायकांना हंडे घेऊन लांब उतरावं लागतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. पण मला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. ज्या धरणावर साखर कारखाने उभे राहिले, त्याच्या काठावरच्या बाईने डोक्यावरून पाणी वाहावं, याचं समर्थन कुणी करू शकेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी होडीने रतनवाडीकडे निघालो. रस्त्यानेही जाता येतं. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशा गावांतून फिरतो आणि पुन्हा शेंडीला येतो. गाडीने एका दिवसात हा फेरा होतो आणि करावाच. पण रतनवाडीला पाण्यावरून जाण्यात वेगळी गंमत आहे. होडीवाला दादा तिशीचा असेल. जॅकेट घातल्याशिवाय त्याने कुणाला होडीत पाय ठेवू दिला नाही. काठ उथळ वाटतो, पण दोन पावलांवर जमीन एकदम तुटते आणि तळाला चिकण गाळ असतो. पट्टीचा पोहणाराही त्यात अडकतो, हे त्याने मुलांना नीट समजावलं. पाण्याच्या कडेने डोंगराला गवत नसलेली फिकट पट्टी कशी दिसते तेही दाखवलं. आत्ता ती हातभर होती. आवर्तनं सुटत जातात तशी ती रुंदावते, आणि मे महिन्यात होडीचा धक्का तीन ठिकाणी हलवावा लागतो.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे या सगळ्या परिसराचं मोल वाढवणारं ठिकाण आहे, असं माझं मत. शिलाहारांच्या काळातलं, हजारेक वर्षांचं. लोक त्याला सरसकट हेमाडपंती म्हणून टाकतात. पण हेमाद्री पंडित याच्या बऱ्याच नंतरचा. काळ्या दगडाचं शिखर बघताना घाई करू नये. खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा रचत नेल्या आहेत, आणि त्यांच्या मधून नक्षीचे सरळ पट्टे थेट माथ्यापर्यंत जातात. याला भूमिज शैली म्हणतात. सिन्नरचा गोंदेश्वर आणि अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्यातले. आतल्या खांबांवरची कोरीव कामं उजेडाला डोळे सरावल्यावर एकेक करून दिसू लागतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जवळच देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी आहे. आमच्यासमोर काही तरुण तिच्या पायऱ्यांवर बसून वेफर्सची पाकिटं फोडत होते. गावातल्या एका आजोबांनी काठी टेकत जाऊन त्यांना उठवलं, पाकिटं उचलायला लावली आणि मग मंदिर पाहायला बोलावलं. ती पोरं गेली, आणि बराच वेळ आत थांबली.

मंदिराच्या मागे रतनगड. प्रवरा इथलीच. गडावर जायचं तर पहाटे निघावं. जंगलातली वाट, मग लोखंडी शिड्या, मग कातळातला दरवाजा. माथ्यावरचं नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, लांबूनही दिसतं. त्यात बसलं की वारा कानात नुसता घोंघावतो, आणि समोर अलंग, मदन, कुलंग हे तिघे ओळीने उभे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात माथा सोनकीने पिवळा होतो. लहान मुलांना शिड्यांवर नेण्याचा आग्रह धरू नये. आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी तो दिवस देवळाजवळच्या झाडाखाली काढला आणि त्यांना काही कमी पडलं नाही.

याच डोंगरांतला राघोजी भांगरे. राजूरजवळच्या देवगावचा. सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध त्याने १८४०च्या दशकात महादेव कोळ्यांचं बंड उभं केलं; २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं गेलं. इथल्या घराघरांत त्याची तसबीर आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत धबधब्यांची यादी असते, राघोजीचं नाव क्वचित असतं.

साम्रदची सांदण दरी आता समाजमाध्यमांमुळे सर्वांना माहीत झाली आहे. जमिनीला पडलेली ही प्रचंड भेग. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांचे कातळ, मधली वाट काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. खाली नुसते दगडगोटे. थोडं आत गेल्यावर पाण्याचा डोह लागतो आणि पावसाळा नुकताच सरलेला असेल तर पाणी कमरेच्या वर असतं. ऊन तिथे पोचतच नाही, त्यामुळे थंडी हाडात शिरते. कुटुंबाने डोहाच्या पलीकडे थोडं जाऊन परतावं. पुढचे टप्पे दोर लावून उतरायचे असतात आणि ती वाट थेट कोकणात, शहापूरच्या बाजूला निघते. ते सरावलेल्यांचं काम. साम्रदचाच वाटाड्या घ्यावा. वर कुठे पाऊस झाला तर दरीत पाणी किती वेळात येतं, हे त्याला कळतं, आपल्याला नाही. पावसाळ्यात दरी बंद ठेवतात, ती उगीच नव्हे.

घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की सह्याद्री एकदम संपतो आणि खाली ठाणे जिल्हा पसरलेला दिसतो. सगळे तिथे फोटो काढतात. पण मुलांना मी आधी इथलं दुसरं धरण दाखवलं. घाटघरला वर एक छोटं धरण, खाली कोकणात चोंढ्याला दुसरं, आणि मधे डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचं पाणी चारशे मीटरहून अधिक खाली सोडून वीज करायची. रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचं. दोन संच, मिळून २५० मेगावॉट, २००८पासून चालू. रोलरने दाबून बांधलेली काँक्रीटची धरणं देशात पहिल्यांदा इथेच झाली. “मग ते पाणी कधीच संपत नाही?” मुलाने विचारलं. उन्हाने उडतं आणि थोडं झिरपतं तेवढंच, असं सांगितल्यावर तो बराच वेळ कड्यावरून खाली चोंढ्याचं पाणी शोधत राहिला.

हे सगळं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८६ सालचं. शेकरू दिसायचा असेल तर सकाळी, आणि गप्प बसून. कळसूबाईबद्दल फार लिहीत नाही. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून वाट, शिड्या पक्क्या, माथ्यावर देवीचं छोटं मंदिर. नवरात्रात वाट माणसांनी फुलते. सुट्टीच्या रात्री शेकड्यांनी माणसं विजेऱ्या घेऊन शिड्यांवर ताटकळतात, तसं जाण्यात मला अर्थ वाटत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी उजाडता निघावं.

काजव्यांचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण तिथे आपण खरंच नुकसान करतो आहोत. मेअखेरीपासून पाऊस धो-धो सुरू होईपर्यंत मुतखेल, उडदावणे, घाटघर, साम्रदच्या बाजूची हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लगडतात. एका झाडावरचे हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. हा उजेड म्हणजे नराची मादीला हाक असते. मादी बहुधा खाली गवतात वा खोडाशी. जोडी जमली तर अंडी ओल्या मातीत, आणि त्यातून निघालेली अळी कित्येक महिने गोगलगायी खाऊन वाढते. प्रौढ काजव्याच्या हाती थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत आपण मोटारींचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या त्या झाडांवर मारतो आणि गवतात बूट घालून फिरतो. हाक दिसतच नाही, आणि अंडी पायाखाली. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. त्या पाळाव्यात, गाडी गावात लावून वाटाड्यामागून अंधारात चालत जावं. चौकातून हॉर्न वाजवत झाडाखाली गाडी नेणाऱ्याला गावकऱ्यांनी अडवलं तर त्यांच्या बाजूने उभं राहावं. आलेल्या पैशांवर गावाचं पोट आहे म्हणून ते पुष्कळदा गप्प बसतात. आपण बसू नये.

परत निघताना राजूरला पेढे घ्यावेत. डिसेंबरात जमलं तर तिथलं डांगी जनावरांचं प्रदर्शन पाहावं. पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, अंगाला तेलकट तकाकी, त्यामुळे इथल्या धारांतही ही गुरं चिखलात उभी राहून औत ओढतात. याच अकोले तालुक्यात कोंभाळणे आहे, राहीबाई पोपेरे यांचं गाव. २०२०च्या पद्मश्रीने सगळ्या देशाला कळलं ते काम, म्हणजे गावठी भात, वाल, भाज्यांचं बियाणं राखण्याचं, तिथे मातीच्या घरात सुरू झालं होतं.

पुढे निळवंडे धरण. भंडारदऱ्याच्या खालचं, सव्वाआठ टीएमसीचं. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३च्या ऑक्टोबरात झालं. अकोल्याच्या लोकांची जुनी तक्रार अशी की धरण आमच्या तालुक्यात आणि कालवे पुढच्यांना. कारण प्रवरेचे दोन्ही जुने कालवे निघतात ते पार खाली, संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यातून. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढला. १९५०मध्ये तो गाळपाला लागला. त्याच्याही खाली जायकवाडी. २०२३च्या टंचाईत भंडारदरा-निळवंड्यातून तिकडेही पाणी सोडावं लागलं.

आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून ओझरला गेलो. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना डावा आणि उजवा कालवा फुटतो, आणि उरलेली नदी मधून नेवाशाकडे, जिथे शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिकडे जाते. मुलीने बराच वेळ दोन्ही कालवे पाहिले आणि विचारलं, मावशींच्या गावाला जाणारा कालवा कुठला? मी तिला सांगितलं की पाणी उताराने जातं, त्यांचं गाव धरणाच्या वर आहे, तिथे पाणी न्यायचं तर पंप लावून उचलून न्यावं लागेल. ती म्हणाली, घाटघरला रोज रात्री नेतात की!